खेळाच्या सामानाचं दुकान कॉम्प्युटरवर बसवताना: आधी यादी, मग बिल, वेबसाइट शेवटी

गेल्या उन्हाळ्यात नागपुरातल्या मानेवाड्याचा एक तरुण लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. खेळाच्या सामानाचं दुकान टाकून चार महिने झाले होते. लोगो होता, वेबसाइट होती, बिलिंगचं सॉफ्टवेअर वर्षाचे पैसे भरून घेतलेलं होतं. मी विचारलं, "पाच नंबरच्या काश्मीर विलो बॅट किती शिल्लक आहेत?" त्याने दुकानात फोन लावला. धाकटा भाऊ माळ्यावर चढला, मोजल्या आणि म्हणाला, "दादा, अकरा." सॉफ्टवेअरमध्ये आकडा होता उणे तीन.

लहान दुकानांचे हिशेब कॉम्प्युटरवर बसवून देणं हेच माझं काम. किराणा, हार्डवेअर, कापड सगळं बघितलं, पण खेळाच्या सामानात जितका गोंधळ होतो तितका कुठे होत नाही. एकाच वस्तूचे नंबर वेगळे, वजन वेगळं, लाकूड वेगळं, आणि गिऱ्हाईक म्हणतं फक्त "भाऊ, बॅट दाखवा." लोक सुरुवात उलट्या टोकाने करतात: आधी वेबसाइट, मग सॉफ्टवेअर, आणि मालाची यादी कधीतरी. खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. दुसरी पायरी कच्ची राहिली तर पुढची कुठलीच टिकत नाही.

## तयारी: काय लागतं, काय लागत नाही

अँड्रॉइड फोन, एक जुना पण चालणारा लॅपटॉप, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मोजपट्टी, दोऱ्याचे टॅग, दोनशे पानी वही आणि दोन मोकळे रविवार. एवढ्यात पहिले सहा महिने निघतात. बारकोड स्कॅनर, थर्मल प्रिंटर आणि पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर आत्ता नको.

दुकानासाठी गूगलचं खातं नवीन उघडा. स्वतःचं घरचं खातं वापरू नका, आणि ज्याने खातं उघडून दिलं त्या चुलतभावाचा नंबर रिकव्हरीला ठेवू नका. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि बॅकअप कोड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.

तपासा: फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर तेच खातं उघडतं का? गूगल शीट्समध्ये 'ऑफलाइन' चालू केलं का? उन्हाळ्यात वीज गेली की वायफायही जातं, आणि नेमकं तेव्हाच काउंटरवर गिऱ्हाईक उभं असतं.

## पायरी १: कॉम्प्युटर बंद, पाय मैदानावर

माल भरण्याआधी एक आठवडा सकाळ-संध्याकाळ फिरा. रेशीमबाग मैदान, मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल, तुमच्या वस्तीतला बॅडमिंटन हॉल. गूगल फॉर्म बनवून कोचच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह होईल. टाकू नका, चार उत्तरं येतील आणि त्यातली दोन मित्रांची असतील. फॉर्म बनवा, पण तो तुमच्याच फोनवर उघडा आणि समोरच्याशी बोलून तुम्हीच भरा.

प्रश्न पाच पुरतात: खेळ कोणता, मुलाचं वय, मागच्या वेळी काय घेतलं, कितीला, कुठून. "आमच्याकडून घ्याल का?" हे विचारूच नका. नागपुरात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. सगळे "हो हो, का नाही" म्हणतील आणि सामान घ्यायला सीताबर्डीच्या बाजारातच जातील. मागच्या खरेदीचा आकडा मात्र कोणी सहसा खोटा सांगत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते संपणाऱ्या मालाकडे: शटल, ग्रिप, टेनिस बॉल, गट (रॅकेटची जाळी विणायची तार). बॅट वर्षा-दोन वर्षांनी एकदा घेतली जाते, ग्रिप महिन्या-दीड महिन्याने. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अभिमान आहेच, पण बातमी वाचून बुद्धिबळाचे शंभर संच मागवू नका. एक संच घरात दहा वर्षं चालतो.

याच शीटमध्ये बारा महिन्यांची एक ओळ आखा. एप्रिल-मे उन्हाळी शिबिरं. विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पुण्याच्या व्यापाऱ्याचा हंगाम तुमच्या कामाचा नाही. थंडीत टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा, आणि जानेवारीच्या आसपास खासदार क्रीडा महोत्सव.

तपासा: फॉर्मच्या शीटमध्ये निदान तीस ओळी झाल्या का? नसतील तर अजून दोन दिवस फिरा.

## पायरी २: मालाची यादी आणि कोड

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि दुकान बसतं किंवा फसतं तेही इथेच. मानेवाड्याच्या त्या उणे तीनचं कोडं इथलंच होतं. चौदा बॅट आल्या तेव्हा त्याने आवक केली 'बॅट काश्मीर ५' या नावाने. भावाने तीन विकल्या त्या 'काश्मीर बॅट नं. ५' या नावाने. सॉफ्टवेअरने इमानदारीने दोन वस्तू धरल्या: एकीची शिल्लक चौदा, दुसरीची उणे तीन. बेरीज करा, अकरा. सॉफ्टवेअर बरोबर होतं, नाव चुकलं होतं.

नियम एकच: गिऱ्हाईक एकाच्या जागी दुसरी वस्तू घेणार नसेल, तर त्या दोन वेगळ्या ओळी. 'बॅट' ही ओळ होऊच शकत नाही.

क्रिकेट बॅट: इंग्लिश विलो, काश्मीर विलो आणि टेनिस बॉलची साधी बॅट असे तीन प्रकार. नंबर १ ते ६, मग हॅरो (मोठ्या मुलांचं माप), मग शॉर्ट हँडल (मोठ्या माणसांचं माप). म्हणजे कागदावर चोवीस ओळी झाल्या. सगळ्यांचा माल भरायचा नाही, पण ओळ तयार असू द्या.

लेदर बॉल: पुरुषांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम. दोन ओळी. मुलींच्या अकादमीला जड बॉल गेला की तो परत येतो आणि सोबत कोचही येतात.

फुटबॉल: ३, ४, ५ नंबर. पाच नंबरचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. पेटीतून आलेले चार बॉल काट्यावर टाकून बघा. स्वस्त मालात नंबर छापलेला पाच आणि माप चारच्या जवळ, असं होतं.

बॅडमिंटन रॅकेट: ४यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, ३यू म्हणजे ८५ ते ८९. खेळणारं पोट्टं आल्या आल्या हेच विचारतं.

पिसांचं शटल: इथे नवीन दुकानदार हमखास फसतो. डब्यावर ७५, ७६, ७७ असा वेगाचा नंबर असतो. नंबर लहान तितकं शटल हळू. गरम हवा पातळ असते, तिच्यात शटल जास्त लांब जातं, म्हणून उन्हाळ्यात हळू शटल लागतं. आपल्याकडे मे महिन्यात ७५-७६ चालतं, डिसेंबरच्या संध्याकाळी ७७ मागतात. 'शटल डबा, ४० नग' अशी एकच ओळ असेल तर शीट म्हणेल माल भरपूर आहे, आणि गिऱ्हाईक मात्र रिकाम्या हाताने परत जाईल.

आता कोड. तीन तुकडे पुरतात: खेळ, प्रकार, नंबर. उदाहरणार्थ क्रि-कावि-५ म्हणजे क्रिकेट, काश्मीर विलो, पाच नंबर. बॅ-शट-७६ म्हणजे वेग ७६ चं शटल. अक्षरं मराठी ठेवा की इंग्रजी, तुमची मर्जी, पण मिसळ करू नका.

इशारे: कोडमध्ये भाव घालू नका, भाव बदलतो. कोडची सुरुवात शून्याने करू नका, शीट ते शून्य खाऊन टाकते. बंद झालेल्या वस्तूचा कोड दुसऱ्या वस्तूला देऊ नका. स्टिकर बॅटच्या फळीवर लावू नका, काढताना डाग राहतो. हँडलला दोऱ्याने टॅग बांधा.

यादीत 'जागा' असा एक स्तंभ ठेवाच: काउंटर, काचेचं कपाट, माळा, घर. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या माळ्याची तर भट्टी होते. विलो वाळून चिरते, शटलची पिसं कोरडी होऊन पहिल्याच स्मॅशला तुटतात, ग्रिप चिकट होतात. 'जागा' स्तंभ असेल तर मार्चअखेर 'माळा' हा फिल्टर लावायचा, आणि काय काय खाली आणायचं त्याची यादी दोन मिनिटांत हातात येते.

तपासा: घरातल्या ज्याला दुकानातलं काही कळत नाही अशा माणसाला यादी द्या आणि एक कोड सांगा. त्याने ती वस्तू शोधून आणली तर यादी जमली.

## पायरी ३: शीट, तीनच पानं

एका फाइलमध्ये तीन पानं करा. 'माल' पानावर कोड, नाव, जागा, सुरुवातीचा साठा, खरेदीचा पडता भाव (भाडं-हमाली धरून एक नग कितीला पडला तो), विक्रीभाव, जीएसटीचा दर आणि किमान साठा. 'आवक' पानावर तारीख, कोड, नग, सप्लायरचा बिल नंबर. 'विक्री' पानावर तारीख, कोड, नग, भाव, पैसे कसे आले.

शिल्लक हा आकडा हाताने कधीच टाकायचा नाही. 'माल' पानावर प्रत्येक कोडसमोर सूत्र बसवा: सुरुवातीचा साठा, अधिक 'आवक' पानावरच्या त्या कोडच्या नगांची बेरीज, वजा 'विक्री' पानावरच्या त्याच कोडच्या नगांची बेरीज. अट लावून बेरीज करायचं हे सूत्र म्हणजे सम-इफ्स (SUMIFS). हे एक सूत्र आलं की बाकी काही शिकलं नाही तरी सध्या चालतं.

कोड टाइप करू देऊ नका. आवक आणि विक्रीच्या पानांवर कोडच्या स्तंभाला डेटा व्हॅलिडेशन लावून 'माल' पानावरची यादी ड्रॉपडाउनमध्ये आणा आणि 'चुकीची नोंद नाकारा' हा पर्याय निवडा. उणे तीनचा रोग या एका गोष्टीने जातो.

आता खड्डे. यातल्या बहुतेकांत मी स्वतः पडलो आहे.

*मराठी आकडे.* मराठी कीबोर्डवरून टाकलेला १२५० शीटला आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात. बेरजेत तो धरलाच जात नाही, आणि चूकही दाखवली जात नाही. ओळखायची खूण: खरा आकडा चौकटीत आपोआप उजवीकडे सरकतो, अक्षरं डावीकडे राहतात. नावं मराठीत लिहा, आकड्यांसाठी इंग्रजी कीबोर्ड ठेवा.

*नंबराची तारीख होणं.* लहान मुलांच्या मोज्यांचं माप ५-६ टाकलं की शीट त्याची जून किंवा मे महिन्यातली तारीख करून टाकते. एका दुकानाची बुटांची यादी मी रात्री भरून दिली होती. सकाळी मालकाचा फोन, "सर, सात-आठचा बूट ऑगस्टमध्ये येणार आहे का?" मापाचा स्तंभ भरण्याआधीच त्याचा फॉरमॅट 'प्लेन टेक्स्ट' करा. नंतर केला तर मूळ माप परत येत नाही.

*अर्धवट सॉर्ट.* एकच स्तंभ निवडून सॉर्ट केला की नावं हलतात आणि भाव जागेवर राहतात. मग हेल्मेट दीडशेला आणि ग्रिप अठराशेला. सॉर्ट करू नका, फिल्टर वापरा. झालंच तर आवृत्तींच्या इतिहासातून (व्हर्जन हिस्टरी) कालची शीट परत आणता येते, पण आज झालेल्या नोंदी पुन्हा कराव्या लागतात.

*सजावट.* मधे रिकाम्या ओळी, जोडलेल्या चौकटी, मधेच 'एकूण'. वहीत हे शोभतं. शीटमध्ये फिल्टर त्यावर अडकतो.

तपासा: खरा माल भरण्याआधी खोट्या दहा नोंदी करा: चार आवक, पाच विक्री, एक परत. कागदावर हिशेब करा. शीटशी जुळला तर खोट्या नोंदी पुसा आणि खऱ्या भरा.

## पायरी ४: भाव शीटला काढू द्या

"नऊशेला आणली, साडेबाराशेला विकली, साडेतीनशे सुटले." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता पुढचं गणित तोंडपाठ झालं आहे. जीएसटी बाजूला ठेवून बघा. जालंधर किंवा मेरठहून वीस बॅट मागवल्या, नऊशेने अठरा हजार. ट्रान्सपोर्टचं भाडं, हमाली आणि घरापर्यंत ऑटो मिळून बाराशे. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) दाखवून माल सोडवला, उघडला, तर एका बॅटच्या हँडलला चीर. विकण्याजोग्या उरल्या एकोणीस. १९,२०० भागिले १९ म्हणजे बॅट पडली १,०१० रुपयांना. सुटले दोनशे चाळीस. "भाऊ, काही कमी करा" म्हटल्यावर दहा टक्के सोडले की विक्री १,१२५ ला आणि हातात ११५, निम्म्याहून कमी.

म्हणून 'आवक' पानावर खरेदीदराचा, भाडं-हमालीचा आणि खराब नगांचा असे तीन स्तंभ वाढवा. शिल्लकेच्या सूत्रात नग धरायचे ते विकण्याजोगे. पडता भाव शीट काढेल. नफ्याचा टक्का विक्रीभावावर काढा, खरेदीवर नाही. आठशेची वस्तू हजाराला विकली तर खरेदीवर पंचवीस टक्के दिसतात, पण गल्ल्यात आलेल्या प्रत्येक शंभरातले वीसच तुमचे असतात. दुकानाचं भाडं त्या विसातूनच जातं.

जीएसटीचा दर सूत्रात कोंबू नका, प्रत्येक कोडसमोर वेगळ्या स्तंभात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा टप्पा गेला. बॅट, बॉल, रॅकेट असं खेळाचं सामान ५ टक्क्यांवर आलं. बुटांचं वेगळं आहे: २,५०० रुपयांपर्यंतची जोडी ५ टक्के, त्यावर १८. जिमच्या साधनांचाही दर वेगळा, त्यांना बॅटच्या ओळीची नक्कल मारू नका. जुन्या फाइलवरून यादी उचलणाऱ्यांकडे अजून बारा टक्के बसलेले दिसतात.

नोंदणीचं थोडक्यात: नुसता माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. पण बालाघाट किंवा छिंदवाड्याला पार्सल पाठवायचं असेल तर ती राज्याबाहेरची विक्री, तिथे ४० लाखांची सूट लागू होत नाही. कंपोझिशन (लहान व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) घेतलं तर राज्याबाहेर विकताच येत नाही. नागपूरहून मध्य प्रदेशची हद्द हाकेच्या अंतरावर, तेव्हा हे सीएच्या समोर बसून आधीच ठरवा. उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

## पायरी ५: विक्रीची नोंद, गिऱ्हाईक समोर असताना

"रात्री दुकान वाढवल्यावर भरतो" म्हणणाऱ्याची शीट तिसऱ्या दिवशी मरते. नोंद त्याच क्षणी व्हायला हवी, आणि पंधरा सेकंदांत.

त्यासाठी गूगल फॉर्म बनवा. चार प्रश्न: कोड (ड्रॉपडाउन), नग, मिळालेला भाव, रोख की यूपीआय की उधार. फॉर्म याच फाइलला जोडा, उत्तरांचं जे नवं पान तयार होतं तेच शिल्लकेच्या सूत्रात 'विक्री' पान म्हणून धरा, आणि त्याची लिंक फोनच्या होम स्क्रीनवर आयकॉन म्हणून ठेवा. भावाला, काउंटरवरच्या मुलाला फक्त फॉर्म द्या, शीट संपादित करायची परवानगी देऊ नका. फॉर्मच्या उत्तरांच्या पानावर स्तंभ मागे-पुढे करू नका. कोडची यादी वाढली की ड्रॉपडाउनमध्ये आपोआप येत नाही, तिथेही टाकावी लागते. लोक नेमकं हेच विसरतात.

माल परत आला तर जुनी ओळ पुसायची नाही. नवीन नोंद करायची, नग उणे एक. पुसलेल्या ओळीचा माग राहत नाही, उणे नोंदीचा राहतो.

बिलाचा नमुना शीटमध्येच एका पानावर करता येतो. नंबर सलग हवा, जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, आणि १ एप्रिलला नवी मालिका. रद्द झालेलं बिल 'रद्द' लिहून ठेवा, त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका.

गटिंगचं (रॅकेटला गट बसवायचं) मशीन ठेवलं असेल तर त्याचा फॉर्म वेगळा करा: रॅकेट कोणती, गट कोणता, ताण किती पाऊंड, तारीख, मोबाइल. खेळाडू दोन महिन्यांनी येतो आणि म्हणतो, "मागच्यासारखंच करा." मागच्या वेळी २४ होतं की २६, ते तुम्ही फोनवर बघून सांगितलं की तो दुसरीकडे जात नाही. त्या एका फॉर्मने जितकी गिऱ्हाइकं जमली, तितकी जाहिरातीने जमलेली मी पाहिली नाहीत.

आणि काउंटरवर एक वही उघडी ठेवा. मी तिला 'नाही-वही' म्हणतो. जे मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते एका ओळीत लिहायचं: तारीख, वस्तू, नंबर. विकलेला माल शीटला कळतो, न विकलेला फक्त या वहीला. रविवारी त्या ओळी मोजा. एकच वस्तू तीनदा दिसली तर मागवा. एकदा दिसली तर थांबा.

## पायरी ६: फोटो, व्हॉट्सॲप, नकाशा

व्हॉट्सॲप बिझनेस वेगळ्या सिमवर घ्या. कॅटलॉगमध्ये पाचशे वस्तू बसतात, पण चाळीसच टाका, आणि ज्यांची शिल्लक आज शून्य नाही अशाच. वस्तूच्या नावाच्या शेवटी तोच कोड लिहा म्हणजे ऑर्डर सरळ फॉर्ममध्ये जाते.

फोटो सकाळी दाराजवळच्या उजेडात, साध्या चादरीवर काढा, फ्लॅश बंद. बॅटचे तीन फोटो: समोरून लाकडाच्या रेषा दिसतील असा, कडेचा, आणि काट्यावर ठेवलेला, ज्यात ग्रॅमचा आकडा वाचता येतो. कंपनीच्या साइटवरचा फोटो उचलू नका. गिऱ्हाइकाला ही बॅट बघायची असते, ती नाही.

ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच जातो. तेव्हा बिल देताना तोंडाने सांगा, "दादा, नंबर सेव्ह करून घ्या, शटल आली की कळवतो."

गूगलच्या नकाशावर दुकान टाकताना नाव फलकावर आहे तेच. नावापुढे 'बेस्ट क्रिकेट शॉप नागपूर' जोडलं की प्रोफाइल बंद पडण्याची भीती. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, फलक, आतला माल सलग दाखवावा लागतो, म्हणून फलक लागल्यावरच अर्ज करा. पिन नीट बसवा. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत पिन वीस मीटर सरकली की माणूस मागच्या बोळात उभा राहून फोन करतो.

## पायरी ७: पैसे आणि फसवणूक

यूपीआय दुकानाच्या चालू खात्याला जोडा. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क बघून माल देऊ नका. साउंडबॉक्स बोलला किंवा तुमच्या ॲपमध्ये जमा दिसले तरच द्या.

इशारा: मोठ्या ऑर्डरचा फोन येतो. "कामठी छावणीतून बोलतोय, वीस किट पाहिजेत, आगाऊ पैसे पाठवतो," आणि पाठोपाठ एक क्यूआर येतो, स्कॅन करून पिन टाका म्हणे. लष्कराचं नाव सांगून लुटायची ही जुनी युक्ती आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

## पायरी ८: शाळांची कोटेशनं आणि उधारी

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना क्रीडासाहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत अनुदानाची तरतूद आहे. म्हणून एक लाखाचं चकचकीत कोटेशन घेऊन प्राथमिक शाळेत जाऊ नका. पाच हजारांत काय काय बसतं त्याचे दोन तयार संच शीटमध्ये करून ठेवा, कोड आणि दर 'माल' पानावरून आपोआप येतील असे. कोटेशनवर तारीख, किती दिवस दर कायम, जीएसटी धरून की सोडून, माल पोहोचवून की दुकानातून, हे चारही लिहा. पाठवताना पीडीएफ पाठवा. शीटची लिंक पाठवली तर तुमचा खरेदीभावही मुख्याध्यापक वाचतात. हे झालेलं आहे.

उधारीला वेगळं पान: नाव, बिल नंबर, रक्कम, कधी द्यायचे ठरले. ती तारीख ओलांडली की ओळ लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. अकादमीचे सर ओळखीचे असतात, मागायला संकोच वाटतो. लाल ओळीचा फोटो नाही, बिलाची पीडीएफ पाठवा, सोबत एक नमस्कार.

## पायरी ९: रविवारची अर्ध्या तासाची मोजणी

पूर्ण दुकान मोजायचं नाही. दहा कोड निवडा, पाच जास्त खपणारे आणि पाच कुठलेही. हाताने मोजा, शीटशी ताडा. फरक आला तर शिल्लक दाबून जुळवू नका. 'फरक' अशी नोंद करा आणि कारण लिहा: तुटलं, नोंद राहिली, नमुना म्हणून कोचला दिलं. चार रविवार तेच कारण आलं की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.

मागवायचं कधी, हेही इथेच ठरतं. समजा आठवड्यात ७६ नंबरचे चौदा डबे गेले, म्हणजे रोज दोन. माल यायला आठ दिवस लागतात, तेवढ्यात सोळा जातील. वर सहा डबे हाताशी. किमान साठा बावीस. शिल्लक बाविसाच्या खाली गेली की चौकट पिवळी. मे महिन्याचा आणि ऑगस्टचा आकडा सारखा नसतो, दर दोन महिन्यांनी हा स्तंभ पुन्हा भरा.

नव्वद दिवसांत एकही नग न गेलेले कोड फिल्टर करा. त्यावर सूट द्यायची ती आता, दिवाळीची वाट बघत नाही.

शेवटी फाइलची प्रत काढा, तिला तारखेचं नाव द्या आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

## पायरी १०: सॉफ्टवेअर आणि वेबसाइट

सलग चार रविवार मोजणी जुळली आणि दिवसाला तीस-चाळीस नोंदी होऊ लागल्या, तर बिलिंगचं सॉफ्टवेअर घ्या. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का?" त्याला तिथेच, तुमच्यासमोर काढून दाखवायला सांगा. "येतो ना, बाद में दिखाता हूँ" असं उत्तर आलं तर चहा पाजून पाठवा.

वेबसाइट त्यानंतर, आणि तीही व्हॉट्सॲपवर आठवड्याला निदान दहा ऑर्डरी गावाबाहेरून यायला लागल्या तरच. डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर नाही, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर नोंदवा. मानेवाड्याच्या त्या तरुणाची साइट अजून चालू आहे. तिच्यावर आता एकच पान आहे: दुकानाचा नकाशा, व्हॉट्सॲपचं बटण आणि आज शिल्लक असलेल्या चाळीस वस्तू.